वाईट बापाचे टक्के

"हिचे चान्सेस किती हायेत?" हा प्रश्न माझ्यादेखत तीन वेगवेगळ्या माणसांना विचारला गेलाय. तिन्ही वेळा विचारणारे आमचे अण्णा होते, आणि मी शेजारच्या खुर्चीवर मांडीवर फाईल घेऊन बसलेली होते. त्या तिघांचा मला आजही राग आहे. अण्णांचा राग वेगळा आहे, तो रोज थोडा थोडा करून खावा लागतो.

अण्णा बियाण्यांच्या धंद्यात आहेत. घर आता नवीन जालन्यात, मूळ गाव आणि शेत टेंभुर्णीला, आणि काम म्हणजे कंपन्यांसाठी गावोगावच्या शेतकऱ्यांकडून मिरची-टोमॅटोचं बियाणं तयार करून घेणं. बियाणं तयार झालं की त्याचं सॅम्पल तपासणीला जातं. किती टक्के उगवलं त्यावर लॉट पास की फेल ते ठरतं, आणि शेतकऱ्याचं वर्ष त्यावर उभं राहतं नाहीतर आडवं होतं. एका ठिकाणचा निकाल पटला नाही की दुसऱ्या ठिकाणी सॅम्पल लावायचं, तोही पटला नाही की तिसऱ्या. मग तिन्हींचा मध्य काढायचा. आमच्या घरात देवाच्या खालोखाल टक्क्यांना मान आहे.

मी बारावीला होते. गणित मला नुसतं जमत नव्हतं, आवडत होतं, आणि परदेशातल्या एका विद्यापीठात ते शिकायला जायचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिथं जगभरातून ढीगभर अर्ज येतात आणि मूठभर पोरं घेतात. पण ज्याला घेतात त्याचा सगळा खर्चा तेच उचलतात, म्हणून आमच्यासारख्यांना तो एकच दरवाजा होता. मला ते इतकं हवं होतं की मैत्रिणींना सांगायचीही भीती वाटायची. अण्णांना सांगावंच लागलं, कारण कागदपत्रांवर त्यांच्या सह्या लागणार होत्या.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, "आधी सॅम्पल लावून बघू."

मला वाटलं गंमत करताहेत. चार दिवसांनी त्यांनी माझी गुणपत्रिका, प्रमाणपत्रं आणि मला, असं सगळं मोटरसायकलवर घातलं आणि स्टेशन रोडवरच्या एका करिअर सल्लागाराकडे नेलं. एका बँकेच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे. त्याने माझी गुणपत्रिका सरळ धरली की उलटी, मला शंकाच आहे. "पक्कं समजा. नव्वद टक्के," म्हणाला आणि त्याच दमात पावतीपुस्तक पुढं ओढलं. अण्णा धंद्यातले, त्यांनी पावतीपुस्तकाकडे बघितलं आणि उठले. जिना उतरताना म्हणाले, "हा माल इकून राह्यला. तपासून न्हाई."

दुसरा छत्रपती संभाजीनगरचा, निवृत्त प्राध्यापक. त्याचा आव असा की जगातली सगळी विद्यापीठं त्याला विचारून प्रवेश देतात. त्याने माझी शाळा विचारली. दहावीपर्यंत टेंभुर्णीची, मराठी, असं ऐकल्यावर त्याने पेनाचं टोपण लावून टाकलं. "अभ्यासाबाहेर काय करतेस? वादविवाद, पोहणं, वाद्य?" अण्णा माझ्याऐवजी म्हणाले, "सुट्टीत क्रॉसिंग करती, साहेब. मिरचीच्या फुलाला हातानं पराग लावायचा, बारीक काम हाये." तो माणूस छताकडे बघून हसला. काय असतं ते त्याने विचारलंसुद्धा नाही. "शून्य," म्हणाला. "खोटी आशा कशाला लावायची पोरीला?" त्याला माझी काळजी होती म्हणे. असल्या काळजीला काय आग लावायचीय.

तिसरी मॅडम पुण्याची. महिन्यातून एकदा जालन्यात यायची आणि एका हॉटेलच्या हॉलमध्ये पालकांना भेटायची. आवाज गोड, साडी महागाची, अण्णांना "काका" म्हणायची. तिने मात्र माझे कागद खरंच वाचले. म्हणूनच तिचा राग सगळ्यांत जास्त.

"बघ बेटा," ती म्हणाली, "मार्क्स सगळ्यांकडेच असतात. तिथे स्टोरी लागते. तू खेड्यातली, जालना जिल्ह्यातली. तुझं कधी लग्न ठरवलं होतं का घरच्यांनी?"

"नाही."

"निदान विषय निघाला असेल?"

मी अण्णांकडे बघितलं. विषय निघाला होता. मी आठवीत असताना एक लांबचा पाहुणा जेवता जेवता माझ्यासाठी स्थळ सुचवायला लागला, तेव्हा अण्णांनी त्याला भरल्या ताटावरून उठवला होता. आमच्याकडे ताटावरून माणूस उठवणं म्हणजे नातं संपवणं. त्या घराशी आमचं जाणं-येणं अजून बंद आहे. आई त्यावरून आजही कुरकुर करते.

"काका, रागावू नका हं," मॅडम पुढं बोलत राहिली. "पण तिकडच्या लोकांना या भागाबद्दल हेच माहीत असतं. वडील सोळाव्या वर्षी लग्न लावत होते, मुलगी अडून बसली, मार खाल्ला, गणिताच्या आधाराने उभी राहिली. निबंधात एवढं आलं ना, की वाचणारा हलतो. मी लिहून घेईन तिच्याकडून व्यवस्थित. कोणी चौकशी करायला इथे येत नाही."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आता अण्णा हिला खुर्चीवरून उठवतात, असं मला वाटलं. मी तर फाईल आवरायलाही घेतली होती.

अण्णा म्हणाले, "मंग किती व्हतेत टक्के?"

"आत्ता मी पंधरा म्हणेन. हे आलं तर साठ."

अण्णांनी मान डोलावली, अगदी लॉटचा निकाल ऐकल्यासारखी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून टाक."

घरी येईपर्यंत मोटरसायकलवर आमचं भांडण. मी त्यांच्या कानात ओरडत होते आणि ते समोर बघून ओरडत होते. रिक्षावाले वळून बघत होते.

"अण्णा, तुम्ही तसे न्हाईत!"

"मी कसा हाये ते तुला ठाऊक हाये, मला ठाऊक हाये. बास झालं की."

"मी माझ्या हातानं लिहू का, की तुम्ही मला मारलं?"

"मार की लेखणीनं मला. तिकडं कोण ओळखतंय? माझं काय जातंय? तुझा नंबर लागतोय न्हवं?"

हे त्यांनी मोठ्या मनाने म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी जास्त चिडले. माणसाने स्वतःला इतकं स्वस्तात द्यावं? एका परक्या बाईने आकडा सांगितला म्हणून? आणि ती बाई, जिला आमच्या जिल्ह्यातलं एक घर आतून माहीत नाही, ती आमच्या बापांची अशी किंमत लावते आणि जाताना हसून नमस्कार करते. मी त्या दिवशी जेवले नाही. अण्णा जेवले, आणि दोनदा भाजी घेतली, मुद्दाम.

निबंध मी एकटीने बसून लिहिला. त्यात मी टक्क्यांबद्दलच लिहिलं. शंभर दाण्यांतले नव्वद उगवले तर तो गुण त्या लॉटचा आहे. माझ्या मुठीत जो एक दाणा आहे तो उगवेल का, हे तो नव्वदचा आकडा मला सांगू शकत नाही. तरीही शेतकरी त्या आकड्याच्या भरवशावर रान पेरतो, आणि बरोबर करतो. एका दाण्याला मात्र त्याच आकड्याने मोजायला निघालं की घोटाळा होतो. आमच्या मिरचीच्या फुलांपासून सुरुवात करून मी तो घोटाळा मांडला होता. आजही मला तो निबंध चांगला वाटतो. त्यात अण्णा होते, शेतात उकिडवे बसून ओल्या कागदावरचे कोंब मोजणारे, जसे आहेत तसे.

नंबर लागला नाही.

मोबाईलवर एक पान उघडलं. अर्ज खूप आले, फार चांगले आले, आम्हाला खेद आहे. मी ते अण्णांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "कारण काय लिहिलंय?" मी म्हणाले, कारण देत नाहीत. त्यांचा विश्वासच बसेना. "आमचं सॅम्पल फेल गेलं तर कारण लिहून येतं. ओल जास्त, भेसळ, काहीबी. हे असं कसं कारण न्हाई?" त्यांनी मला ते पान पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. माझा आवाज फुटला तरी त्यांनी थांबवलं नाही.

कारण आलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच एक ठरवलं. माझ्या हट्टाने माझा नंबर गेला. मी बापाला वाईट लिहिलं असतं तर आज मी तिथं असते. पंधरा आणि साठ, मधला सगळा फरक मी त्यांच्या इज्जतीवर उधळला, आणि तोही त्यांना न विचारता. हे ते मला एकदा म्हणाले असते तर मी सोसलं असतं. पण घरी आलेल्या प्रत्येकाला, चहाचा कप खाली ठेवायच्या आत, हे ऐकावं लागतं. "हिनं माझं नाव राखलं अन् सोताचा नंबर घालवला. कोणी सांगितल्तं?" मी आतल्या खोलीतून ओरडायची, "वाईट बाप व्हायची एवढी हौस होती तर व्हायचं होतं खराखुरा!" आई मध्ये पडायची आणि दोघांच्याही शिव्या खायची.

मी पुढे इथंच शिकले, संभाजीनगरला एम.एस्सी. केलं. आता नवीन जालन्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. वाईट चाललंय असं नाही. पण अण्णांच्या लेखी मी फेल गेलेला चांगला लॉट आहे, आणि माझ्या लेखी ते मला विकायला निघालेले व्यापारी नसून, मला वाचवायला स्वतःला विकायला निघालेला माणूस आहेत. दोघांनाही हे एकमेकांना माफ करता आलेलं नाही.

एवढं होऊन अण्णांचं नाव मात्र झालं. पोरीसाठी तीन ठिकाणी जाऊन आलेला माणूस म्हणून लोक आपापली मुलं घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. यंदा उन्हाळ्यात जाफराबादकडचा एक शेतकरी आला. अण्णांसाठी तो मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट करतो. सोबत त्याची मुलगी होती, नुकतीच अकरावी झालेली, दारातच चप्पल काढून भिंतीला लागून उभी. तिला दिल्लीकडच्या एका मोठ्या विद्यापीठात जायचं होतं. पूर्ण शिष्यवृत्ती देतात, पण घेतात थोडेच. कसं कळलं तिला, देव जाणे.

तो माणूस मुलीसमोरच म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगा हिला एकदा, व्हत न्हाई म्हणून. शून्य सांगा. तुमचं ऐकंल ती. मंग आम्ही आमच्या कामाला लागतो."

अण्णांनी गुणपत्रिका मागितलीच नाही. त्यांचा ठरलेला प्रश्न आला, जो ते हल्ली सगळ्यांना विचारतात आणि ज्याने माझं डोकं फिरतं. "मार्क ऱ्हाऊ द्या. बापाबद्दल वाईट काय लिहिता यील, ते आधी सांगा."

तो माणूस ओशाळून हसला. उत्तर मुलीने दिलं.

"लै हाये," ती म्हणाली. "दिवाळीनंतर लग्न लावून देऊन राह्यले माझं. मी न्हाई म्हणले तर मारलं परवा."

त्या मॅडमने माझ्यासाठी रचलेली गोष्ट आमच्या भिंतीला लागून उभी होती, आणि तिच्या कोपरावर हिरवट डाग होता. अण्णांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नाही. "पावणे चांगले हायेत," तो माणूस सतरंजीकडे बघत पुटपुटला. "तुम्ही टक्के सांगा नं."

अण्णांना टक्के सांगता येईनात. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मुलीकडून तिची गुणपत्रिका घेतली. गुण बरे होते, इंग्रजी कच्चं होतं. तिची निवड होईल की नाही हे मला सांगता येणं शक्य नव्हतं. मला काय, कोणालाच नव्हतं. असल्या आकड्यांचा तिरस्कार करत मी इतकी वर्षं काढली होती. मी कागद खाली ठेवला आणि मुलीकडे नाही, थेट त्या माणसाच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "पक्का लागतोय नंबर हिचा. शिक्षणाचा, राहण्याचा सगळा खर्चा तेच करतील. पण लग्न झालं की शून्य. बिलकुल शून्य."

तो गोंधळला. माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. "पक्का म्हंजी? खरं सांगून राह्यल्या का ताई?"

मी खोटं बोलतेय हे अण्णांना बराबर कळलं होतं. ते खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझी पोरगी खोटं बोलत न्हाई," अण्णा म्हणाले. "खोटं लिहिलं न्हाई म्हणून तर तिचा नंबर गेला. इचारा कोणालाबी."