खालचा हात

तिकिटांच्या छापखान्यात तिला सगळे भिंगवाली बाई म्हणत. सत्तावीस वर्षं ती टपाल तिकिटांची चित्रं काढत होती. भिंग लावून लावून सवय अशी जडली होती, की घरी सुईत दोरा ओवतानाही ती एक डोळा मिटायची आणि नवरा म्हणायचा, "आता कुणाचं तिकीट निघतंय?"

मोठा मार तिने एकदाच खाल्ला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिच्या तिकिटावरच्या सुतारपक्ष्याला एक बोट कमी निघालं. शाळामास्तरांपासून निवृत्त डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी वर्षभर पत्रं पाठवून तिला हैराण केलं. तेव्हापासून प्रत्येक तिकीट बाहेर पडेपर्यंत ती चित्र पुन्हा पुन्हा तपासत राहायची.

यंदा तिच्या वाट्याला एक हिंदी संतकवी आला होता. काही शतकांपूर्वी जोडे शिवता शिवता पदं रचणारा, अजून लोकांच्या तोंडी असलेला. त्याचा चेहरा कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून ती उलट निर्धास्त होती. शांत डोळे, पांढरी दाढी, मांडीवर जोडा, उजव्या हातात आरी, डावा हात जोड्यावर अलगद टेकलेला. साहेबांनी सही केली, चित्र पुढे गेलं. सोमवारी छपाईचा साचा कोरायला घेणार होते.

त्याआधीच्या बुधवारी कामावर जाताना तिच्या चपलेचा पट्टा तुटला. कोपऱ्यावरच्या मोचीकाकांपुढे एका पायावर उभं राहून तिने कौतुकाने पिशवीतलं कच्चं चित्र काढलं.

"बघा काका, तुमच्या धंद्यातला माणूस तिकिटावर येतोय."

काकांनी हात पुसून कागद घेतला. बराच वेळ बघत राहिले.

"चेहरा झकास. पण हा शिवत नाहीये, बाई."

"म्हणजे?"

"आरी वरून घातली, की खालून दोरा द्यावा लागतो. याचा डावा हात वर आराम करतोय. मग खालून दोरा कोण देतंय? देव?"

काका खो खो हसले. तिच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर हातांवर पोट भरलेल्या माणसाला तिने फोटो काढायला बसवल्यासारखं बसवलं होतं! पट्टा अर्धवट शिवलेला असतानाच तिने चपलेत पाय घातला आणि तशीच फरफटत छापखाना गाठला.

साहेब तापट. ती दारातूनच म्हणाली, "साहेब, चूक झालीय. माझी. जोडा असा शिवत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. "खाली सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग आपली म्हणा."

त्यांनी साचेवाल्यांना फोन लावला. तिकडून कुणी बोलत होतं, साहेब नुसतं "हं, हं" करत होते. शेवटी त्यांनी फोन ठेवला.

"काम लवकर उरकावं म्हणून कोरणारा आजच हात घालणार होता. पण दाढ दुखते म्हणून रजेवर गेलाय."

तिचा जीव भांड्यात पडला. "देव त्याच्या दाढेचं भलं करो," ती म्हणाली, आणि तापट साहेब चक्क हसले. "शुक्रवारपर्यंत नवं द्या."

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती काकांसमोर पालथ्या खोक्यावर बसली.

"मान वर करू नका हं, काका."

"काम करताना मी वर बघतोच कधी?"

मग संताचीही नजर तिने जोड्यावर उतरवली. डावा हात जोड्याच्या तळाखाली गेला, चिमटीतला दोरा तेवढा दिसू लागला. शुक्रवारी साहेबांनी तिचंच भिंग मागून घेतलं आणि म्हणाले, "आता कामात आहे माणूस."

तिकीट निघालं त्या दुपारी ती दोन तिकिटं घेऊन काकांकडे गेली. त्यांनी एक लांब धरून पाहिलं.

"एवढ्याशा जागेत माझा हात मावला होय!" मग जरा लाजत म्हणाले, "हे लावून लेकीला पत्र टाकतो. पण लिहायचं काय, ते मला सुचत नाही बघा."

"तुम्ही सांगा, मी लिहिते," असं म्हणून ती खोक्यावर बसली. किती महिन्यांनी ती अशी पाय पसरून, कसलीही घाई नसल्यासारखी बसली होती.