दात-डोळे गावी

आमचे हे शिंपी. म्हणजे नवे कपडे शिवणारे नव्हेत, ते दिवस देश सोडला तेव्हाच मागे राहिले. इथे एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून हे लोकांच्या पँटी आखूड करतात, चेन बदलतात, जाड झालेल्यांच्या कमरा सैल करतात आणि बारीक झालेल्यांच्या आवळतात. आवळताना जास्तीचं कापड कधी कापत नाहीत, आत दुमडून टीप मारतात. "बारीक झालेला माणूस परत येतोच," म्हणतात. स्वभावच तो. कापून मोकळं व्हायचं नाही, आत दुमडून ठेवायचं.

आजारपणाचंही तेच. इथे आलो त्या दिवसापासून आमच्या घरात एक कायदा आहे, ह्यांनीच केलेला. दात-डोळे गावी! पडलो, हाड मोडलं, पोटात कळ आली तर इथलं हॉस्पिटल, कारण सक्तीचा विमा पगारातूनच कापला जातो. बाकी दाढ किडो, चष्म्याचा नंबर वाढो, गुडघा कुरकुरो, सगळं जपून न्यायचं आणि वर्षाआड गावी गेलो की एकदम दाखवायचं. आमची सुट्टी म्हणजे गाडी गॅरेजला टाकल्यासारखी. परदेशातून आलेले लोक मिरवतात, आम्ही दुसऱ्याच दिवशी आ वासून दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत. थोरल्या जाऊबाई तर दारातच विचारतात, "या खेपेला काय काय आणलंय दुरुस्तीला?" हे हसतात. मला मेलीला तिथेच दमल्यासारखं होतं.

वर्ष संपत आलं की आमच्या भाषेतलाच एक विमेवाला येतो, जादा विमा विकायला. सक्तीच्या विम्यात जे बसत नाही ते त्यात, दातांचं काम, चष्मे, पाठीचे व्यायाम असलं सगळं. येताना कंपनीची एक छत्री फुकट देतो. आमच्याकडे जादा विमा नाही, पण छत्र्यांचं दुकान टाकता येईल.

"दादा, आता तरी घ्या. वय का थांबतंय?" तो म्हणतो.

"कशाला? दात-डोळे आम्ही गावी करतो."

"आणि मध्येच दुखलं तर?"

"मध्ये दुखत नाही. तशी सवयच लावलीय."

मी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते, घेऊन टाका, घेऊन टाका. पण ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे शिवणयंत्राशी बोलणं. ते आपलं खडखडत पुढेच जातं.

यंदा जाण्याची तिकिटं काढून झाली होती. ह्यांची एक दाढ गेले कित्येक महिने गावाची वाट बघत होती. हे एकाच बाजूने चावायचे, वर ऐटीत सांगायचे, "हिला सांगितलंय, थोडी कळ काढ." मीही हसायचे. हसू नाही तर काय करू?

मग एका संध्याकाळी ह्यांनी सुई माझ्यापुढे धरली. "ओवून दे जरा." हा माणूस माझ्याशी भांडता भांडता, सुईकडे न बघता दोरा ओवतो! दुसऱ्या दिवशी ह्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. मग मात्र मी ह्यांना खिंडीत गाठलं.

"डाव्या डोळ्यात खालून काहीतरी काळं वर येतंय," हे म्हणाले. "नंबर वाढला असेल. गेलो की चष्मा बदलू."

"चष्म्याने काळं जातं होय? काही तरीच! उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चला."

"डोळे जाद्यात येतात. जादा आपण घेतला नाही. इथल्या डोळ्याच्या डॉक्टरचं बिल खिशातून भरलं तर तिकिटांवर पाणी सोडावं लागेल." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "जाणं जवळ आलंय गं. तेवढा धीर धर."

मी तिथल्या तिथे विमेवाल्याला फोन लावून विचारलं, जादा आज घेतला तर कधीपासून चालू? "नव्या वर्षापासून, वहिनी," तो म्हणाला. कशासाठी हवाय ते त्याने विचारलं नाही. मी रागात होते, तो घाईत होता. फोन ठेवला तर हे म्हणाले, "बघ! त्याच्या आधी आपण गावी पोचतो." जिंकल्यासारखं तोंड केलं होतं. त्या तोंडाकडे बघून मला भीतीच वाटली.

डोळा गावापर्यंत थांबला नाही. लाँड्रीत एका गिऱ्हाइकाची काळी पँट ह्यांनी आखूड केली ती एक पाय घोट्यावर आणि एक टाचेखाली. गिऱ्हाईक हसलं. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी सरळ ह्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोर बोटं धरून विचारलं, किती? हे म्हणाले, "कुठे आहे हात?" बाईंनी भरदुपारी शटर ओढलं, ह्यांना स्वतःच्या गाडीत घातलं, वाटेत मला घेतलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीण आमच्या भाचीच्या वयाची. डोळ्यात दिवा मारून बराच वेळ बघत राहिली. "आतला पडदा सुटलाय. आजच ऑपरेशन करू. सुरुवातीला आला असतात तर नजर वाचली असती. आता मी शब्द देणार नाही. इतके दिवस काय करत होतात?"

"विमा नव्हता," हे म्हणाले.

काउंटरवरच्या बाईने ह्यांचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आहे की! हे सगळं सक्तीच्या विम्यातच येतं. डोळ्याचा आजार हा आजारच ना? जाद्यात असतो तो नुसता चष्मा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडू कोणावर? ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस खुर्चीत आपलेच हात उलटेपालटे करून बघत होता. सक्तीच्या विम्याचे पैसे ह्यांच्या प्रत्येक पगारातून गेले होते. ह्या डोळ्याचे पैसे आम्ही केव्हाच भरले होते, आणि डोळा मात्र गावासाठी राखून ठेवला होता. असला शहाणपणा आमच्याच घरात व्हायचा!

ऑपरेशनमध्ये पडदा दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो बुडबुडा असेपर्यंत मान खाली घालून बसायचं, पालथं झोपायचं आणि विमानात पाऊल टाकायचं नाही. उंचावर गॅस फुगतो, उरलासुरला डोळाही जातो. म्हणजे तिकिटं गेलीच. घरी हे कापड बेतायच्या टेबलाच्या कडेला, घडी केलेल्या टॉवेलवर कपाळ टेकून दिवस काढायला लागले. मी खाली वाकून नळीने चहा पाजायचे. पट्टी काढली तेव्हा डाव्या डोळ्याला उजेड कळला, हात हललेला कळला. सुईचं भोक काही कळलं नाही. मालकीणबाई भेटायला आल्या, म्हणाल्या, "चेन बदलायला एक डोळा पुरे. बरे व्हा नि या." बाई गेल्यावर हे टेबलाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "काळ्यावर काळा दोरा आता नाही जमायचा." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

अशात विमेवाला आला, नवी छत्री घेऊन. ह्यांना तसं बघून बिचारा उभाच राहिला. मी म्हटलं, "बसा भाऊ. या वर्षी चर्चा नको. दोघांचा जादा करून टाका."

"थांब," टेबलावरून आवाज आला.

"आता कसलं थांब? अजून काय जायचं राहिलंय?"

ह्यांनी मान वर केली नाही, करायचीच नव्हती. टॉवेलमध्येच बोलले. "जादा घेतला की दात इथे, डोळे इथे. मग तिकडे कशाला म्हणून जायचं? आई होती तोवर कोणी विचारत नव्हतं. आता येतोय म्हणून फोन केला की थोरला दादा विचारतो, काय काम काढलंत? दरवेळी सांगतो, दात दाखवायचेत. दुसरं काय सांगू गं मी त्याला?"

मी वाकून टेबलाखाली जाऊन बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस पैशाला चिकट. जाऊबाई दारात विचारायच्या तेव्हा हे का हसायचे, ते मला त्या टेबलाखाली, ह्यांच्या तोंडाकडे खालून बघताना कळलं. भांडायचं सगळं बळच गेलं.

विमेवाल्याने हळूच पेन काढलं. "मग वहिनी, दोघांचा लिहू ना?"

"माझा एकटीचा लिहा," मी म्हटलं.

"आणि दादांचा?"

"त्यांची दाढ दुखतेय," मी म्हटलं. "डोळ्यातला गॅस गेला, की ती दाखवायला आम्हाला गावी जायचंय."