चष्मेकाका आणि त्यांचे थोरले

डोळे तपासायच्या खुर्चीत माणूस एकदा बसला की त्याला पळता येत नाही. नाकावर ती जड फ्रेम, तिच्यात एकावर एक तीन भिंगं, आणि हनुवटी वर. चष्मेकाकांना हे पुरतं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांनी तीस वर्षं मनसोक्त फायदा घेतला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

इतर दुकानांत जवळचं वाचायला जो तक्ता देतात, त्यावर बागेविषयी नाहीतर सूर्योदयाविषयी काहीतरी पाणचट मजकूर असतो. काकांनी आपला तक्ता स्वतः लिहून छापून घेतला होता. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाला येशूने दृष्टी कशी दिली, ती गोष्ट. वरच्या ओळी ठसठशीत आणि खाली खाली अक्षर बारीक होत गेलेलं. चाळिशी लागलेलं गिऱ्हाईक वाचत वाचत आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला इथवर यायचं आणि अडायचं. मग काका भिंग बदलायचे.

"आता?"

"आता दिसतंय. पण काय हो, पुढे काय झालं त्या माणसाचं?"

काकांना एवढंच हवं असायचं. नंबर काढायला दहा मिनिटं लागायची आणि पुढचं सांगायला वीस. कुणी हसायचं, कुणी घड्याळाकडे बघायचं. एका निवृत्त फौजदाराने तर तक्ता टराटरा फाडून काकांच्या हातात दिला. काकांनी शांतपणे दुसरा काढला. "साहेब, तुमचा नंबर अजून राहिलाय." फौजदार शेवटच्या ओळीपर्यंत वाचून गेला. चष्मा मात्र त्याने दुसरीकडे केला.

हे धाडस काकांच्या अंगात जन्मापासून होतं असं कुणी समजू नये. तरुणपणी चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानाही ते अडखळायचे. त्यांना माणसांत आणलं ते बायकोच्या मोठ्या भावाने. चर्चच्या मंडळीत आणि बाजारात सगळे त्याला थोरले म्हणत. थोरल्यांनीच काकांना प्रभूची ओळख करून दिली, हाताला धरून इस्पितळात नेलं, एका आजाऱ्याच्या खाटेजवळ उभं केलं आणि कानात म्हणाले, "बोला. आपण चोरी करतोय का? मग घाबरायचं कशाला?" काका त्या दिवशी जेमतेम तीन वाक्यं बोलले आणि बाहेर येऊन रडले. थोरल्यांनी पाठीवर थाप मारली. "शाबास!"

पुढे दोघांनी भागीदारीत दुकान टाकलं. पुढच्या भागात काका डोळे तपासायचे, मागच्या खोलीत थोरले भिंगं घासायचे. एखादं गिऱ्हाईक डोळे पुसत गेलं की काका लगबगीने मागे जाऊन सांगायचे, आणि थोरले मान वर न करता म्हणायचे, "शाबास." पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं काकांचं चालायचं, आणि वय तर साठीला टेकलेलं!

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दुकानदारांच्या समितीकडे एक अर्ज आला. 'चष्म्याच्या दुकानात खुर्चीत अडकलेल्या माणसाला बळेच धर्म ऐकवला जातो.' खाली सही नव्हती, फक्त 'एक त्रस्त ग्राहक'. समितीचे अध्यक्ष बुटांचे व्यापारी होते, माणूस तसा समजूतदार. त्यांनी दोघांनाही बोलावलं.

"हे बघा," ते म्हणाले, "दुकान तुमचं, तक्ता तुमचा. दोघा भागीदारांचं एकमत असेल तर आम्ही कोण बोलणार? हा अर्ज मी फाडून टाकतो. पण एकाचाही विरोध असेल तर हे बंद करावं लागेल, आणि तपासणीला दुसरा माणूस बसवावा लागेल. बोला थोरले, तुमचं काय म्हणणं?"

काका चक्क हसत होते. आता थोरले काय ठणकावून सांगतात ते ऐकायचं, म्हणून ते खुर्चीत सावरून बसले.

थोरले टेबलाकडे बघत म्हणाले, "मी मागे असतो. पुढे काय चालतं याची मला कल्पना नाही. माझी त्याला संमती नाही."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण अध्यक्षांनी ते लिहून घेतलं, म्हणजे ऐकलेलं बरोबरच होतं. त्याच आठवड्यात तपासणीला एक पगारी मुलगी आली, गिऱ्हाइकाच्या हातात बागेचा तक्ता आला, आणि काका फ्रेमा विकायला गल्ल्याजवळ उभे राहिले. तोंडाला कुलूप.

घरी बायकोने भावाचीच बाजू घेतली. "दादा असा नाही हो. घाबरला असेल बिचारा."

हा शब्द काकांनी घट्ट धरून ठेवला. घाबरले असतील! भीती म्हणजे काय हे काकांइतकं कुणाला ठाऊक? भीतीला माफी होती. उलट आता आपण त्यांच्या पाठीवर थाप मारायची पाळी आली, असंही त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना जरा बरं वाटलं. शनिवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काका मागच्या खोलीत गेले आणि स्टूल ओढून समोर बसले.

"दादा, एकच विचारतो. घाबरून बोललात ना? तसं असेल तर माझ्या मनात काही नाही."

थोरल्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले.

"घाबरलो नाही, भावोजी. तो अर्ज मीच लिहिलाय."

काकांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि कान गरम झाले.

"का?"

"रोज तेच ऐकवेना. मला त्यातलं काही खरं वाटत नाही आता. बारा वर्षं झाली."

"बारा वर्षं? आणि दर रविवारी सगळ्यांपुढे उभं राहून प्रार्थना करता ती?"

"सवयीने. सोडली असती तर शंभर जणांना उत्तरं द्यावी लागली असती."

"मला तरी सांगायचं होतं!"

"तुम्हाला?" थोरले कसनुसं हसले. "तुम्ही मला त्या खुर्चीत बसवलं असतं."

काकांना लुबाडल्यासारखं झालं. अर्जाचं दुःख मागे पडलं, ती बारा वर्षांची शाबासकी टोचायला लागली. आपण नाचत नाचत मागे यायचो, आणि हा माणूस मनात काय म्हणत असेल? शाबास म्हणायचंच कशाला? गप्प बसायचं होतं. काकांना राग आला, आणि रागाखाली रडूही आलं.

पण राग असला तरी आपलं काम काय, हे त्यांना कळत होतं. देव नाही म्हणणारा माणूस समोर बसलाय. असे किती आले आणि किती गेले! एकालाही काकांनी सोडलं नव्हतं. खुर्चीतल्या माणसाकडे पाहायचे तसंच त्यांनी थोरल्यांकडे नीट पाहिलं आणि तोंड उघडलं. पहिलं वाक्य जिभेवर आलं, ते थोरल्यांचंच होतं. दुसरं आठवलं, तेही त्यांचंच. समजावण्याची रीत, कुठे थांबायचं, कुठे खांद्यावर हात ठेवायचा, सगळं ह्याच माणसाने शिकवलेलं. हे सगळं ऐकून ते नुसतं 'शाबास' म्हणाले तर?

काकांना भीती वाटली. इस्पितळातल्या त्या पहिल्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती एवढी.

थोरले त्यांच्याकडे बघत बसले, काका काहीतरी सांगतील म्हणून. काकांनी उघडलेलं तोंड मिटलं, स्टूल जागेवर सरकवलं आणि ते पुन्हा गल्ल्याजवळ जाऊन उभे राहिले.