खाडाखोडीवर सही

आमच्या मावसोबांइतका कागदावर विश्वास ठेवणारा माणूस नाशकात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही वाटत नाही. घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. यात्रेकरूंच्या सात-सात पिढ्यांची नावं लिहिलेल्या लांबोडक्या वह्या माळ्यावर. यजमानकी थोरल्या भावाकडे गेली आणि मावसोबा एका कॉलेजात कारकून झाले, पण हाडातली सवय जाणार कुठं? मी अकरावीला मावशीकडे राहायला आले, तेव्हा पाय धुवायच्या आधी त्यांनी मला पणजोबांचं नाव विचारलं. मला येईना. ते इतके हळहळले की जणू मी रस्त्यात काहीतरी हरवून आले होते. मग वडिलांना पोस्टकार्ड टाकून नाव मागवलं, वहीत चढवलं आणि तेव्हा कुठं मी त्या घरात राहायला आले असं ठरलं.

दुसरं वेड खाडाखोडीचं. लिहिलेलं गिरबटून टाकायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खोडणाऱ्याची सही. मावशीनं वाण्याच्या यादीत साबुदाणा खोडून भगर लिहिली तरी तिला सही करावी लागे. ती करायची बिचारी, वर कपाळावर हात मारून घ्यायची. "खोडणाऱ्यानं पळून जायचं नाही," एवढंच ते म्हणायचे.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास कोर्टाचा तो निकाल आला. आदिवासींच्या राखीव जागा खोटे दाखले काढून भलतेच लोक लाटत होते. कोर्टानं सांगितलं, नुसता दाखला चालायचा नाही. समिती आजा-पणजाचे जुने कागद तपासेल, आणि देवदेव, सणवार, लग्नाच्या रीतीही विचारेल. मावसोबा खूश. कात्रण कापून वहीत डकवलं, मला दोनदा वाचून दाखवलं. खोट्यांची आता खैर नाही म्हणाले. खोट्यांकडे कागदांची थप्पी असते आणि खऱ्याकडेच कागद नसतो, हे कळायला त्यांना एक पावसाळा लागला. ज्याच्या आज्यानं शाळा पाहिली नाही, त्याच्या आज्याचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? पेठ-सुरगाण्याकडची मुलं एसटीनं येऊन आमच्या ओसरीवर बसायला लागली. मावसोबा प्रत्येकाला आधी पणजोबांचं नाव विचारायचे, आणि गंमत म्हणजे त्या मुलांना ते यायचं. तोंडपाठ. फक्त लिहिलेलं कुठं नव्हतं.

यमुना त्यातलीच. सुरगाण्याकडची, कोकणा जमातीची. मेडिकलला नंबर लागला होता, पण तात्पुरता. समितीनं नाही म्हटलं की प्रवेश रद्द. कागद एकही नव्हता, तेव्हा सगळी भिस्त तोंडी मुलाखतीवर. आणि ही पोरगी सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत, पुढं नाशकात होस्टेलात! तिला बेडकाच्या पोटातलं सगळं सांगता यायचं. डोंगऱ्यादेवाच्या वेळी, म्हणजे त्यांच्या मोठ्या सणाला, घरात काय काय करतात, कसं नाचतात ते सांगता येईना.

मग मावसोबांना जोर चढला. एसटीत बसून ते तिच्या गावी गेले, चार दिवस राहिले, तिच्या आजीला विचारून विचारून भंडावून सोडलं आणि प्रश्नोत्तरांची वही भरून आणली. क्रमांक, प्रश्न, उत्तर. रोज सकाळी आमच्या ओसरीवर शिकवणी. ब्राह्मणाच्या घरचा साठीचा गृहस्थ, धोतराचा सोगा खोचून, आदिवासी मुलीला तिच्याच घरचा नाच शिकवतोय, आणि ती संकोचून भिंतीला टेकलेली. दूधवाला पातेलं हातात धरून बघत राहायचा. मावशी म्हणाली, "माझ्या मंगळागौरीला कधी डोकावले नाहीत, आणि आता बघ." मी हसत सुटले होते. हसायला नको होतं असं आता वाटतं, पण तेव्हा हसले हे खरं.

एके दिवशी ती मधेच बोलायला लागली. होस्टेलातलं मराठी सुटलं आणि गावचं आलं. "मी लहान व्हते. देवाच्या टायमाला आज्याच्या आंगात वारं आलं. तो माझा आजाच वाटंना. मी लय भ्याले, आजीच्या लुगड्यात तोंड घालून रडले. मंग वारं गेल्यावर आज्यानं मला मांडीव घेतलं, तं त्याचेच पाय कापत व्हते."

मावसोबांनी ते सवयीनं लिहून घेतलं, वाचलं, आणि लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. समितीपुढं घाबरले, रडले असं सांगायचं नसतं, प्रश्नाला धरून बोलावं, असं समजावलं. तिनं मान डोलावली. खोडलेल्याच्या जागी 'मार्गशीर्षात यथाविधी पूजन करून नैवेद्य दाखवतात' असं उत्तर तयार झालं.

मुलाखतीत यमुना एकाही प्रश्नाला अडखळली नाही. तिथंच घात झाला. पत्र आलं ते मावसोबांनी उभ्याउभ्याच वाचलं: उत्तरं पाठ केलेली दिसतात, भाषा जमातीची वाटत नाही, जमातीशी नातं सिद्ध होत नाही. प्रवेश गेला. पत्राची घडी घालून त्यांनी ते ओसरीवर बसलेल्या यमुनाच्या हातात दिलं. तीच म्हणाली, "काका, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." मला तिचा तेव्हा रागच आला. तिनं आरडाओरडा करायला हवा होता, निदान वही तरी फेकायला हवी होती.

अपील झालं, तारखा पडत गेल्या. सात-आठ वर्षांनी कोर्टानं तिला खरी ठरवलं तेव्हा ती आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होती, कडेवर मूल होतं. डॉक्टरकी परत देण्याची सोय त्या निकालात नव्हती. ती पेढे घेऊन आली. मावसोबांनी पेढा हातात धरून ठेवला आणि तिला म्हणाले, "तो आज्याचा प्रसंग पुन्हा सांगतेस? मी आता मधे बोलणार नाही." तिनं सांगितला. ते ऐकत राहिले. त्यानंतर आमच्या घरी आलेल्या कुणालाही त्यांनी पणजोबांचं नाव विचारलं नाही. घर एकदम परकं वाटायला लागलं.

ते गेल्यावर यात्रेकरूंच्या वह्या पुतण्यांनी नेल्या. ही प्रश्नोत्तरांची वही कुणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली. लाल रेघेखालचं यमुनाचं उत्तर अजून स्पष्ट वाचता येतं. शेजारी नियमाप्रमाणे सही आहे. तिच्याखाली, निळ्या शाईत, म्हातारपणच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे: 'खोडलेले उत्तर हेच खरे समजावे. चूक माझी.' आणि पुन्हा सही. कागद अगदी नियमात आहे, फक्त तो नेऊन द्यायचा कुणाकडे ते मला माहीत नाही.