सुमीची सर्दी आणि चार झोपड्या

आमच्या शाळेतला पहिला कॉम्प्युटर शिक्षक मी. मला कॉम्प्युटर येत नव्हता.

वाटूरजवळच्या आमच्या छोट्या शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. त्याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण नवीन जालन्यात झालं. पंख्याखालची जागा मिळाल्यानं मी ते झोपेतच पूर्ण केलं (दहाही दिवस!). माझी लेक सुमी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या कॉम्प्युटर क्लासात बसून सगळं शिकून आली होती. ती तिसरीत, माझ्याच वर्गात.

सांगताना आजही मान खाली जाते, पण आम्ही बापलेकीनं खुणा ठरवल्या. सुमी पहिल्या रांगेत बसायची. तिनं वेणी ओढली की कॉम्प्युटरवर चित्राचं पान उघडायचं, नाक धरलं की ते बंद करायचं. दर तासाला फी एक मोसंबी. पोरं म्हणायची, “गुरुजी लय हुशार!” आणि मी ते ऐकून घ्यायचो.

मग तपासणीला साहेब येणार असं कळलं. मी घाबरून तीन दिवस घरी सराव घेतला आणि सुमीला सहा मोसंब्या दिल्या. चौथ्या दिवशी, ऐन तपासणीच्या सकाळी ती म्हणाली, “पप्पा, नाक गळून राह्यलं.”

बायको कडाडली, “थंडीत लेकराला मोसंब्या चारता का? आज ती शाळेत येणार न्हाई!”

“फक्त आजच्या दिवस येऊ दे गं!” मी हात जोडले, तेव्हा कुठं तिनं सुमीला सोडलं.

वर्गात साहेब खुर्चीत टेकले. “हं गुरुजी, मुलांना चित्र काढून दाखवा.”

सुमीनं वेणी ओढली. मी ऐटीत झोपडी काढली. सुमीनं नाक पुसलं. मी झोपडी बंद केली.

“अहो, बंद का केलं?”

“सर... पोरांचा सराव व्हावा म्हणून!”

दुसरी झोपडी शिंकेत गेली. तिसरीला दार लावायच्या आत सुमीनं पुन्हा नाक धरलं. चौथ्या वेळी ती बिचारी दोन्ही हातांनी नाक पुसत होती. मी घाबरून सगळा कॉम्प्युटरच बंद करून टाकला!

“पप्पा, ती खूण न्हवती!” सुमी रडकुंडीला आली. “मला सर्दी झाली!”

“कसली खूण?” साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही, हे तिला मीच शिकवलेलं. तिनं मोसंब्यांसकट सगळं सांगितलं. पोरं टकामका माझ्याकडं बघत होती. एवढी शरम मला जन्मात वाटली नव्हती. त्यात सुमी मुसमुसत म्हणाली, “पप्पा, माझ्यामुळं झालं का?” तेव्हा तर कुठं तोंड लपवू असं झालं.

साहेबांनी सुमीला कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि मला तिच्या जागेवर, सतरंजीवर. तिनं नाक पुसत पुसत झोपडी काढली, दारासकट. मग वळून विचारलं, “पप्पा, समजलं का?”

मी जोरात मान हलवली.

“मंग या, करून दाखवा.”

मी उठलो, कॉम्प्युटरपुढं बसलो, आणि सवयीनं पहिल्या रांगेतल्या त्या जागेकडं पाहिलं. ती रिकामी होती. तिथं बसणारा विद्यार्थी मीच होतो!