गाव न विचारणारा माणूस

मालवणजवळच्या त्या होमस्टेच्या मालकाचं नाव मी विचारलं नाही आणि त्याने माझं गाव विचारलं नाही. त्याची चूक मोठी. आमच्या सिंधुदुर्गात पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधी गाव विचारतात. पण गाडीला पुण्याचा नंबर पाहून त्याने थेट शुद्ध मराठी काढली.

निघताना त्याने वॉशबेसिनच्या तड्यावर बोट ठेवलं.

"सदर तडा आपल्या वास्तव्यात गेलेला आहे. भरपाई अनामत रकमेतून वळती करण्यात येईल."

प्रत्येक वाक्यानंतर तो शर्टाची कॉलर सरळ करी, जणू कोर्टातच उभा आहे. तड्यात जुना काळा मळ बसला होता. तो दाखवला तर म्हणाला, "मळ ग्राह्य धरता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चला, देवळात नारळ ठेवया. तडो आमी पाडलो, ह्या तुमी देवासमोर सांगा."

कॉलरवरचा हात तिथेच थांबला.

"तुमी खंयचे?"

"पिंगुळीचो."

"मगे आधी सांगूचा नाय? देवाक कित्याक मधी हाडतास!"

पाहुण्याशी खोटं बोलायला त्याची हरकत नव्हती, भीती फक्त नारळावरच्या खोट्या शपथेची होती. अनामत परत आली, वर कोकमाच्या आगळाची बाटलीही.

आम्ही गाडीत बसलो तेवढ्यात नवे पाहुणे उतरले. त्याने लगबगीने पुढे होऊन आधी विचारलं, "गाव कुठलं आपलं?"

"नागपूर."

त्याने समाधानाने कॉलर सरळ केली.