बाबांचं बीए फायनल

मी आणि माझे बाबा एकाच वर्षी बीए फायनलला होतो. हे वाक्य मी कॉलेज संपेपर्यंत कुणासमोर एकदाही उच्चारलं नाही. आता लिहिते आहे, कारण आता त्याने काही बिघडत नाही. सुधारतही नाही म्हणा.

बाबांचं नाव विनायक मोघे. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ते काट्यावर असतात. सळया भरून निघालेले ट्रक ज्या भल्यामोठ्या काट्यावर तोलतात, त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये बसायचं, वजन बघायचं आणि चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची, एवढंच काम. मिलमध्ये सगळे त्यांना काटाबाबू म्हणतात. बत्तीस वर्षं झाली. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. घरी आले की भुवयांत, कानांत, कॉलरच्या शिवणीत काळी बारीक धूळ असते. आई म्हणते, "या माणसाला धुऊन काट्यावर उभं केलं तर अर्धा किलो कमी भरंल."

आम्ही रायपुरातल्या तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीतले. भोसल्यांच्या काळात आमचे कुणी पूर्वज नागपूरहून इकडे आले, असं तिथल्या मराठी मंडळातले म्हातारे सांगतात. काय करायला आले ते मात्र कुणालाच धड सांगता येत नाही. मंडळात गणपतीला ज्यांचा सत्कार होतो ते डॉक्टर, वकील, मंत्रालयातले अधिकारी. बाबा दरवर्षी खुर्च्या मांडतात आणि टाळ्या वाजवतात. बारावी झाल्या झाल्या आजोबांना लकवा मारला आणि बाबा मिलमध्ये लागले, त्यामुळे कॉलेज राहिलं ते राहिलंच. मग वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गुपचूप बीएचा प्रायव्हेट फॉर्म भरला. पहिलं वर्ष दोनदा दिलं, दुसरं वर्ष दोनदा दिलं, इंग्रजीने तर त्यांचा पार पिच्छा पुरवला. असं करत करत ते फायनलला पोचले, तोवर मी मागून येऊन त्यांना गाठलं होतं.

प्रायव्हेट म्हणजे घरी वाचायचं आणि उन्हाळा लागला की पेपर द्यायला जायचं. सेंटर माझंच कॉलेज. वर्षातून सात-आठ दिवस त्या इमारतीत जायचं, पंख्याखालचं बाक शोधायचं, तीन तास लिहायचं आणि शिपायाने हाकललं की गेटाबाहेर यायचं. एवढंच कॉलेज बाबांनी पाहिलेलं. कँटीन कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही मित्रमैत्रिणींनी एक यादी केली. मोठ्या शहरांतली पोरं मोबाइलवर टाकतात ना, ग्रॅज्युएट होण्याआधी आपल्या शहरात काय काय करायचं, तशी. रायपूरही आता मोठं शहर आहे, राजधानी आहे, असं आम्हीच आम्हाला पटवलं. तेलीबांधा तलावावर सूर्योदय बघायचा. क्लास बुडवून मॉलमध्ये पिक्चर बघायचा. घडी चौकाजवळचं संग्रहालय, जिथे शाळेनंतर कुणीच पाऊल टाकलं नव्हतं. नव्या रायपुरात पुरखौती मुक्तांगण, ते उघड्यावरचं लोककलेचं संग्रहालय. एका बैठकीत पन्नास गुपचुप, म्हणजे पाणीपुऱ्या, खायच्या. शेवटचं कलम, कॉलेजच्या पायऱ्यांवर सगळ्या वर्गाचा फोटो. मी ती यादी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवली आणि स्वयंपाकघरात लावली. तिथेच माझी चूक झाली.

बाबांनी ती चहा पिता पिता वाचली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली. परीक्षेच्या गाइडमधले महत्त्वाचे प्रश्न ते जसे वाचतात, अगदी तसेच.

"हे सगळं पास व्हायच्या आधीच करावं लागते काय?" त्यांनी विचारलं.

"हां बाबा, वही तो मतलब है," मी म्हणाले. घरात सगळे माझ्याशी मराठीत बोलतात आणि मी हिंदीत उत्तर देते, हा आमचा जुना रिवाज आहे.

"मग मलेही करावं लागंल. मीही फायनललाच आहो."

आई पोळ्या लाटता लाटता हसली. "तुम्ही क्लास कसा बुडवसान? बुडवाले आधी क्लासात बसावं लागते."

बाबाही हसले, पण त्यांनी कॅलेंडर उलटं केलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने आठवडा लिहिलेला. कुठल्या आठवड्यात त्यांची कुठली शिफ्ट आणि कधी सुटी, त्या हिशेबाने. ज्या माणसाला आयुष्यात कुणी काही सहज दिलं नाही, त्याला सगळंच सिलॅबस वाटतं. मला मात्र त्या वेळी फक्त चीड आली.

नव्या रायपुरला ते आलेच. आम्ही पाच जण दुचाक्यांवर, मागे बाबा आपल्या जुन्या स्कूटरवर. ते रुंद, रिकामे रस्ते, मैलभर माणूस नाही, बसचा पत्ता नाही, आणि बाबांची स्कूटर चाळिसाच्या वर जाईना. आम्ही दर चौकात थांबून त्यांची वाट बघायची. मुक्तांगणात त्यांनी डबा उघडला. आईने पहाटे उठून सांबारवड्या केल्या होत्या, कोथिंबीर ठासून भरलेल्या. पोरं तुटून पडली.

"अंकल, मज़ा आ गया," माझ्या वर्गातला यशदीप म्हणाला.

"अंकल मत बोल भैया," बाबा म्हणाले. "मैं तुम लोगों का बॅचमेट हूँ."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, हे मला आज कळतं. यशदीपने तर त्यांना टाळीसुद्धा दिली. माझ्या मैत्रिणीने, अबोलीने विचारलं, "सच में अंकल, आप भी फायनल में हो?" बाबा खिशात हात घालून काहीतरी काढणार, तेवढ्यात मी म्हणाले, "अरे मज़ाक कर रहे हैं, चलो उधर." आणि सगळ्यांना घेऊन पुढे निघाले. बाबा डबा धुवायला नळावर गेले.

त्यानंतर आमची सहल कधी निघते ते मी घरी सांगणं बंद केलं. तेलीबांध्याला गेलो, लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं. पिक्चर पाहिला, एक्स्ट्रा क्लास म्हणून सांगितलं. बाबांना कळत होतं. काट्यावर बसणाऱ्या माणसाला ड्रायव्हर कधी थापा मारतो ते ऐकूनच समजतं, असं ते स्वतःच सांगायचे. कॅलेंडरमागच्या यादीवरचे पेन्सिलीचे आठवडे एकेक करून खोडरबरने पुसले गेले. शेवटच्या कलमापुढचा तेवढा राहिला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात समाजशास्त्राचं गाइड होतं, पण त्यात त्यांचं लक्ष नव्हतं.

"गंधाली, बाकीचं जाऊ दे. तुझे दोस्त आहेत, तुले मोकळं वाटलं पाहिजे. पण त्या फोटोत मले उभं राहू दे. मागच्या लाइनीत राहीन. कोणाशी बोलनार नाही."

"ठीक है," मी म्हणाले.

"सर काही म्हनतील काय?"

"नहीं, कोई कुछ नहीं बोलेगा."

मी हे कुठल्या जोरावर म्हटलं, मला सांगता येणार नाही. आमच्या विभागाच्या सरांना विचारावं, बाबा याच वर्षाचे परीक्षार्थी आहेत एवढं सांगावं, दोन मिनिटांचं काम होतं. रोज उद्या विचारू म्हणायची. खरं तर विचारायचं म्हणजे ते वाक्य उच्चारावं लागणार होतं.

फोटोच्या दिवशी बाबांनी सकाळची शिफ्ट दुसऱ्याला दिली. बदल्यात त्याच्या दोन रविवारच्या ड्युट्या आपल्या अंगावर घेतल्या. भाच्याच्या लग्नातला निळा शर्ट आईकडून इस्त्री करून घेतला. आणि मिशीला काळा रंग लावला. रंग ओठाच्या कोपऱ्यावर जरासा उतरला होता, साबणाने घासूनही जात नव्हता. स्कूटरवर मागे बसून मी सबंध रस्ताभर तो डाग कुणाला दिसेल याचाच विचार करत होते. देवाशपथ, दुसरा विचारच नव्हता मनात.

पायऱ्यांसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. प्राध्यापक बसले, पोरी मध्ये उभ्या राहिल्या, पोरं मागे चढली. बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर, अगदी टोकाला उभे राहिले. हात बाजूला ताठ, हनुवटी वर. शाळेतल्या फोटोत पोरं उभी राहतात तसे. फोटोग्राफरने डोळ्याला कॅमेरा लावला आणि खाली घेतला.

"पीछे वाले अंकल, ज़रा हट जाइए. पेरेंट्स बाद में."

सगळ्यांनी वळून बघितलं. आमचे सर खुर्चीतून उठले. त्यांनी काही वाईट स्वरात विचारलं नाही. "आप किसके साथ हैं भैया?"

बाबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशात प्रवेशपत्र होतं, मला माहीत होतं. त्यांचा फोटो, रोल नंबर, बीए फायनल, स्वाध्यायी म्हणजे प्रायव्हेट, सगळं होतं त्यावर. ते दाखवलं असतं तर सर हसून म्हणाले असते, या, उभे राहा. आमचे सर तसे होते. पण बाबांनी ते काढण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी सांगावं असं त्यांना वाटलं असणार.

"मेरे साथ हैं सर," मी म्हणाले. "मुझे छोड़ने आए हैं."

बाबांचा हात खिशावरून खाली आला.

"हव सर," ते म्हणाले. "पोरी को छोड़ने आया था." आणि पायऱ्या उतरून खाली आले. पोरींनी बॅगा कुठे ठेवायच्या म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर त्यांनी स्वतःहून हात पुढे केले. वर्गाच्या त्या फोटोत आम्ही सगळे एकाच दिशेला बघून हसतो आहोत. तिकडे फोटोग्राफरच्या शेजारी माझे बाबा पाच बॅगा घेऊन उभे होते.

घरी येताना वाटेत सिग्नलला त्यांनी रुमाल काढून ओठाचा कोपरा पुसला.

आईने दारातच विचारलं, "झाला फोटो?"

"झाला. मस्त झाला," बाबा म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.

पंधरा दिवसांनी फोटो हातात आला. आईने खिडकीपाशी नेऊन एकेक चेहरा तपासला. "अहो, तुम्ही तर कुठंच दिसून नाही राहिले."

मी पाणी प्यायला उठले. मला वाटलं आता सांगतील. सांगायला हवं होतं, माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, म्हणजे मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते.

"मागं होतो मी," बाबा म्हणाले. "ऐन टायमाले एक उंच पोट्टा समोर आला."

"असा कसा समोर आला? तुम्ही काहून नाही बोलले त्याले?"

"जाऊ दे ना. पोरं असतात."

मग परीक्षा आली. ते तिकडच्या खोलीत, मी इकडच्या. त्या महिन्यात मी देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. बाबांना पास होऊ दे एवढंच मागत होते. मला वाटायचं, ते पास झाले की हे सगळं मिटेल. निकालाच्या दिवशी त्यांनी मला निकाल बघू दिला नाही, स्वतःच मोबाइलवर रोल नंबर टाकला. तिसऱ्या श्रेणीत पास. मी दुसऱ्या. आई डोळ्यांना पदर लावून पेढे आणायला धावली. मंडळातून फोन आला, यंदा गणपतीत विनायकरावांचा सत्कार करू म्हणून.

बाबा खाटेवर बसून बूट घालत होते. दुपारची शिफ्ट होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलले.

"बाबा, माझं चुकलं. उद्या कॉलेजात चला. मी सरांशी बोलले आहे. पायऱ्यांवर तुमचा-माझा फोटो काढू. मग तेलीबांध्याला जाऊ, पिक्चरला जाऊ, यादीतलं सगळं करू."

त्यांनी बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आता कायचं पोरी," ते म्हणाले. "आता तर मी पास होऊन गेलो. ते आधी करायचं असते ना."

डबा घेऊन ते जिना उतरले. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. आई पेढ्यांचा पुडा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभी होती, आणि मी खाटेवर बसून मनापासून म्हणत होते, बाबा नापास झाले असते तर किती बरं झालं असतं.